कवळी पोचत नाही तिथे

माझा राग नाकावर असतो. हे मी आधीच सांगून टाकते, मागाहून दुसऱ्या कुणी सांगायला नको. चौतीस वर्षं मी कवळ्या बनवते. दात काढणारे डॉक्टर वेगळे. ते तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आणि त्या मापावर मेणात एकेक दात बसवून, साचा ओतून, घासूनपुसून कवळी तयार करते ती मी. दारावर पाटी नाही, पण आमच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, "कवळीवाली कुठे राहते?" लगेच बोट दाखवतील. पुढच्या खोलीत माझं टेबल, त्यावर दिवा, घासायचं मशीन, ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे आणि सगळ्यावर पांढरी धूळ. ताई आली की आधी फडकं घेऊन ती धूळ पुसायला लागायची. मी ओरडायचे, "अगं, मापं आहेत ती, हात लावू नकोस!" ती आपली पुसतच राहायची.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि ती पंधराची. माझी वेणी घालणं, मला शाळेत सोडणं, माझ्या वतीने शेजाऱ्यांशी भांडणं, सगळं तिनेच केलं. पुढे मीच एवढी भांडकुदळ झाले की तिला भांडायची गरज उरली नाही. तिचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. ती आणि तिची मुलगी बेबी, दोघी दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. बेबी आता एकतीस वर्षांची घोडी झालीय, शाळेत गणित शिकवते, पण आमच्यासाठी ती बेबीच.

ताईचे उरलेसुरले दात काढले तेव्हा मी तिला बजावलं होतं, "दुसऱ्या कुणाची कवळी तोंडात घातलीस तर माझ्याशी गाठ आहे." तीन आठवडे खपून मी तिची कवळी केली. तिचा लग्नाआधीचा फोटो समोर ठेवला आणि पुढचा एक दात मुद्दाम किंचित वाकडा लावला, कारण तिचा तो तसाच होता. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, ही तर मीच!" मला इतका आनंद झाला की मी तिला उगाचच रागावले. म्हटलं, आता नीट सांभाळ, पाडूबिडू नकोस.

त्यानंतर दीड महिन्याने एका दुपारी ती आली. खुर्चीत बसली, गाल बोटाने ओढून धरला आणि म्हणाली, "हे बघ गं काय झालंय."

उजव्या गालाच्या आत, वाटाण्याएवढा फोड. काळपट जांभळा, रक्ताने टम्म भरलेला.

"कवळी लागतेय," मी म्हटलं. "नवी आहे, लागणारच. दुखतंय का?"

"नाही गं. काहीतरी अडकलंय असं वाटलं म्हणून जीभ लावली, तर हे."

खरं म्हणजे तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. कवळीची जखम दुखते. माणूस घास घेताना कळवळतो, कवळी हातात धरूनच माझ्या दारात येतो. आणि ती जखम पांढरट असते, कडेने लाल, घासल्यासारखी. रक्ताचा असा फुगा मी चौतीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही पाहिला नव्हता. नियमाने तर मी कुणाच्या तोंडात बघायचंच नसतं, ते डॉक्टरचं काम. पण लोक येतात. परत डॉक्टरकडे जा, ताटकळत बसा, त्यापेक्षा मी दोन मिनिटांत घासून देते. मग माणसाला हळूहळू वाटायला लागतं की आपल्यालाही तोंडातलं सगळं कळतं. मला तर ठाम वाटत होतं.

आमच्या कामात एक साधी युक्ती असते. जिथे लागतं तिथे जांभळ्या पेन्सिलने टिंब करायचं, कवळी बसवायची, दाबायची आणि काढायची. टिंब कवळीवर उमटतं. जिथे उमटलं तिथे घासायचं. ताईच्या गालावर टिंब केलं, कवळीच्या कडेला पुसट डाग उमटला, मी घासून दिलं. फोड संध्याकाळी आपोआप फुटला, थोडं रक्त आलं आणि चार दिवसांत गाल स्वच्छ. मी बेबीला फोन करून सांगितलं, "बघ, झालं काम." कुणी विचारलंही नव्हतं.

दहा दिवसांनी फोड जिभेच्या कडेला आला. पुन्हा तसाच, पुन्हा न दुखणारा. सकाळी उशीवर रक्ताचा डाग होता, असं ताई म्हणाली, आणि वर हसून म्हणाली, "तुझी कवळी चावते की काय मला?" ती गंमत करत होती. पण माझ्या कवळीला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही, अगदी ताईनेसुद्धा. मी तिला खुर्चीत बसवलं, जिभेवर टिंब केलं, कवळी बसवली, दाबली, काढली. कवळीवर काहीच उमटलं नाही. म्हटलं, तोंड ओलं आहे. कापसाने पुसून परत केलं. नाही उमटलं. पेन्सिल जुनी झाली असेल म्हणून नवी काढली. तीही कोरीच. शेवटी मी अंदाजाने घासलं.

आता सांगताना माझं मलाच हसू येतं, तेही वाईट हसू. पेन्सिल तिन्ही वेळा खरं तेच सांगत होती की कवळी तिथे लागतच नाही. आणि मी बाई पेन्सिलीला दोष देत बसले.

त्या दिवशी बेबी शाळेतून थेट माझ्याकडे आली होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मावशी, एकदा डॉक्टरांना दाखवूया का?"

"डॉक्टर काय करणार? माझ्याकडेच पाठवणार. म्हणणार, कवळी घासून घ्या."

"तरी पण."

"तरीबिरी काही नाही. तू तुझी गणितं बघ."

तिसऱ्या आठवड्यात ताईच्या हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं. दंडावर, मांडीवर निळेकाळे डाग दिसायला लागले. बेबीने बाही वर करून मला दाखवले. मी म्हटलं, "आपटली असेल कुठेतरी. वय झालं की कातडी पातळ होते." ताई म्हणाली, "आपटल्याचं आठवत नाही गं." मी म्हटलं, "तुला काय आठवतं? काल चहात साखर दोनदा घातलीस." ती हसली. हल्ली तिला जिना चढताना दम लागायचा, दुसऱ्या मजल्यावर थांबून कठड्याला धरून उभी राहायची. तेही मी वयाच्याच खात्यावर टाकलं. बेबी परत म्हणाली, डॉक्टर. मी परत तिच्यावर खेकसले. ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की मीच नजर वळवली.

पाचव्या आठवड्यात ताईने तोंड उघडलं आणि मी दिवा जवळ ओढला. टाळूच्या पार मागे, पडजिभेच्या अलीकडे, द्राक्षाएवढा काळा फोड लटकत होता. तिला गिळता येत नव्हतं. आणि कवळी? घासून घासून मी ती इतकी खिळखिळी केली होती की ताई बोलायला लागली की खाली यायची. माझ्या हातची सगळ्यात सुंदर कवळी, आणि मीच तिचं वाटोळं केलं होतं. तरीसुद्धा माझ्या डोक्यात काय चाललं होतं सांगू? मागची कड कशी कमी करू!

तेवढ्यात फोड फुटला. रक्त घशात गेलं, ताईला ठसका लागला. तिच्या हनुवटीवर, माझ्या टेबलावर, प्लास्टरच्या जबड्यांवर रक्तच रक्त. ते थांबेना. तेव्हा कुठे मी घाबरले.

मला माप पाठवणारे दातांचे डॉक्टर जवळच बसतात. तरुण आहेत, माझ्या शिव्या खाऊनच शिकलेत म्हणा ना. रांग मोडून मी ताईला आत नेलं आणि सुरू झाले, "डॉक्टर, कवळी सगळीकडून घासली हो, तरी मागे कुठेतरी..."

"मावशी, थांबा," ते म्हणाले. त्यांनी कवळी काढली आणि तिच्याकडे न बघताच बाजूच्या ताटलीत ठेवली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. मग त्यांनी दिवा ओढला आणि ताईचं तोंड बघितलं. गाल, जीभ, जिभेखाली, टाळू. मिनिटभरच. "असे किती झाले?"

"हा चौथा की पाचवा," ताई म्हणाली.

"प्रत्येक वेळी वेगळ्या जागी?"

"हो."

"नाकातून रक्त? अंगावर डाग? खूप गरम काही खाल्लं होतं? दम्याचा पंप घेता?"

डागांना हो, बाकी सगळ्याला नाही. त्यांनी ताईला साडी घोट्यावरून जरा वर करायला सांगितली. दोन्ही नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, शेकड्याने. मी ते कधी पाहिलेच नव्हते, मी तिच्या तोंडाच्या खाली कधी बघितलंच नव्हतं. डॉक्टरांनी ठिपक्यांवर बोट दाबून धरलं, उचललं. ठिपके तसेच. फिके झाले नाहीत.

"मावशी," ते अगदी हळू आवाजात मला म्हणाले, "हा मागचा फोड बघितलात ना? तिथे कवळी पोचतच नाही."

चौतीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं लागलं. तोंडात मारल्यासारखी मी उभी राहिले. ते समजावत होते. एखादा रक्ताचा फोड कधीकधी काहीच नसतो, कडक पाव किंवा गरम घास लागून येतो, फुटतो, बरा होतो. पण परत परत यायला लागला, जागा बदलायला लागला, दुखत नसला आणि अंगावरही डाग असले, तर तोंडाकडे बघत बसायचं नाही, रक्त तपासायचं. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्या की ते आधी तोंडात दिसतं, कारण तिथली कातडी नाजूक. "आजच्या आज," ते म्हणाले आणि चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी लिहिताना त्यांचा हात घाईत होता, ते मी पाहिलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. त्या पेशी निदान दीड लाख असायला हव्यात. ताईच्या सात हजार होत्या. आणि पांढऱ्या पेशी नको तितक्या, नको तशा. मोठ्या दवाखान्यात नेलं, कमरेच्या हाडातून मज्जा काढून तपासली, आणि तिसऱ्या दिवशी रक्ताच्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाजूला बोलावून नाव सांगितलं. रक्ताचा कॅन्सर, भराभर वाढणारा. बेबीने माझा हात धरला नाही. तिने भिंतीला हात टेकला.

दवाखान्यात ताईला कवळी लावायला मनाई होती, हिरड्या सारख्या वाहत होत्या. दातांशिवाय कुणी आपल्याला बघावं हे तिला मरणाहून अवघड वाटायचं. नर्स आली की ती पदर तोंडाशी धरायची. डॉक्टरीणबाईंशी बोलताना हाताने ओठ झाकायची. मला म्हणायची, "त्या बाईंना सांग, माझे दात फार छान आहेत. घरी आहेत." मी बाहेर जाऊन रडून यायचे आणि आत येऊन तिला ओरडायचे, "गप्प पड, बोलू नकोस, रक्त येतं." रक्त गोठवणाऱ्या त्या पेशींच्या पिवळसर पिशव्या चढायच्या, दुसऱ्या दिवशी आकडा परत खाली. औषध सुरू केलं आणि लगेच ताप आला. अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं, असं बाई म्हणाल्या.

एकदा ती जरा बरी वाटत होती तेव्हा मी तोंड उघडलं. "ताई, पाच आठवडे माझ्यामुळे फुकट गेले. मी..."

"कवळी छान होती गं," ती म्हणाली. "फक्त हल्ली जरा सैल झाली होती. तेवढी घट्ट करून ठेव. घरी गेले की लागेल मला."

मी मान हलवली. घरी येऊन खरंच बसले टेबलापाशी आणि कवळीला आतून नवा थर दिला. दोन दिवस तेच केलं. दुसरं काय येतं मला?

दवाखान्यातल्या सतराव्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी ताई म्हणाली, डोकं फार दुखतंय. मी नर्सला हाक मारायला दारापर्यंत गेले, वळून पाहिलं तर तिचा एक डोळा मिटलेला आणि तोंड वाकडं. मेंदूत रक्तस्राव. दुपारी गेली.

या सगळ्या दिवसांत, ताई गेल्यावरही, बेबी मला एक शब्द बोलली नाही. म्हणजे, चहा घे, जेव, चावी कुठे आहे, एवढं बोलायची. मला वाटलं पोरीने मोठ्या मनाने माफ केलं. तिच्या जागी मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. मग कागदपत्रं आणायला आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. बेबी खिडकीपाशी रांगेत उभी होती, आणि मी तिला न सांगता डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरले.

"एकच विचारायचंय," मी म्हटलं. "पाच आठवडे आधी आणली असती तर?"

त्यांनी चष्मा काढला. "आजार तोच असता. पण रक्तस्राव एवढा वाढायच्या आत उपचार सुरू करता आले असते. त्यांच्या अंगात ताकद होती तेव्हा. वाचल्याच असत्या असं मी नाही म्हणणार. संधी मिळाली असती, हे मात्र खरं."

मी आभार मानले. सवयीने मानले की काय कोण जाणे, पण मानले. बाहेर आले तर बेबी पायऱ्यांवर उभी होती, कागदांची पिशवी छातीशी धरून.

"काय म्हणाल्या?"

मला खोटं बोलता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही. पण मी म्हटलं, "म्हणाल्या, आधी आणली असती तर संधी मिळाली असती. बेबी, तू मला सांगत होतीस आणि मी तुझं ऐकलं नाही. बोल मला. काय बोलायचं ते बोल, पण अशी गप्प राहू नकोस."

"आईने शपथ घातलीय. मावशीला काही बोलायचं नाही म्हणून."

"मी मोडते ती शपथ. बोल."

बेबीने पिशवी खाली ठेवली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती मुलांना फळ्यावरचं काही समजावून सांगते ना, तशी हळूहळू बोलत होती.

"चौथ्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे नंबर लावला होता. अर्धी रजा टाकली होती. आई तयार झाली, साडी बदलली, चपला घातल्या. आणि दारातच थांबली. म्हणाली, नको गं. धाकटीला कळलं तर तिला वाटेल, तिच्या कवळीवर आपला भरवसा नाही. तिला फार लागेल. मी हात जोडले, मावशी. मी तिच्यावर ओरडले. तिने चपला काढल्या, आत जाऊन बसली आणि मला म्हणाली, तू तिला ओळखत नाहीस, ती वरून तशी दिसते."

मी पायरीवर बसले. माणसं आमच्या दोन्ही बाजूंनी चढत-उतरत होती, कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा सरका." मी सरकले.

बेबीने मला ऊठ म्हटलं नाही, आणि ती माझ्या शेजारी बसलीही नाही.